लेपल लागला की: सेटवर नव्यानं येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरीत पहिल्यांदा कामाला आलेला माणूस कॅमेऱ्याला बिचकतो. कॅमेरा बिचारा समोर उभा असतो, कुणाकडं तोंड करून आहे ते दिसतं. बिचकायचंच असेल तर छातीवर चिकटवलेल्या तुरीच्या दाण्याएवढ्या माइकला, म्हणजे लेपलला बिचकावं. तो दिसत नाही, आणि अर्ध्या तासात तो अंगावर आहे हेही आपण विसरून जातो.

मी साउंडला आहे. आधी केबली गुंडाळल्या, मग बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक धरला, आता माइक लावतो आणि ऐकतो. दर सीझनला नवी पोरं-पोरी येतात. कुणी दोन वाक्यांच्या रोलला, कुणी आमच्याच खात्यात असिस्टंट म्हणून. डायलॉग कसा म्हणायचा, लाइट कुठं घ्यायचा हे त्यांना कुणी ना कुणी शिकवतं. माइकशी कसं वागायचं ते मात्र फजिती झाल्यावरच कळतं. म्हणून हे लिहितोय. माइक घालणाऱ्यांनी लावणाऱ्यांचा भाग वाचावा आणि लावणाऱ्यांनी घालणाऱ्यांचा.

कोल्हापुरात हे जास्त जपायला लागतं. मुंबईत सेटवर कानावर पडलेली गोष्ट लोकलच्या गर्दीत विरून जाते. इथं मेकअपदादा कुणाचा तरी मेहुणा असतो आणि जनरेटरवाला कुणाच्या तरी तालमीतला. दुपारी दोनला मोरेवाडीत ऐकलेलं संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना परत कानावर येतं, वर तिखट-मीठ लावून.

आवाज जातो कुठं

आधी वाट समजून घ्या. दाण्याएवढ्या माइकपासून एक बारीक वायर कपड्याआडून कमरेच्या पॅकपर्यंत येते. पॅक म्हणजे ट्रान्समीटर. त्याची अँटेना नेहमीच्या यूएचएफ रेडिओ लहरींवरच्या संचात साधारण १२ ते १५ सेंटिमीटरची असते, ती दुमडायची नाही. तिथून आवाज हवेतून आमच्या ट्रॉलीवरच्या रिसीव्हरला येतो आणि रेकॉर्डरमध्ये जातो. प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा. चार कलाकार असतील तर चार ट्रॅक, म्हणजे चौघांच्या गलक्यातूनही तुमचं एकट्याचं बोलणं अलगद वेगळं काढता येतं.

आणि ऐकणारा मी एकटा नसतो. डायरेक्टरच्या कानाला हेडफोन, कंटिन्युइटीवाल्या मुलीच्या कानाला, बऱ्याचदा मॉनिटरजवळ बसलेल्या निर्मात्याच्या कानाला. एका जाहिरातीच्या शूटला मी सहज मोजलं, तर एका काकांच्या छातीवरचं बोलणं सात जणांच्या कानात जात होतं. त्यातले दोघं तर क्लायंटचे पाहुणे, नुसतं शूटिंग बघायला आलेले.

नवीन माणसाला वाटतं, "कट" म्हटलं की माइक बंद. कट हा कॅमेऱ्याला आणि नटाला असतो. पॅक सकाळी चालू होतो तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालूच राहतो, कारण प्रत्येक टेकला चालू-बंद करत बसलं तर कधीतरी एखादा बंदच राहणार. दुसरं म्हणजे "रोल साउंड" ऐकू आलं तेव्हापासूनच रेकॉर्डिंग सुरू होतं असंही नाही. बऱ्याच रेकॉर्डरांमध्ये आधीचे काही सेकंद राखून ठेवायची सोय असते. बटण दाबलं की ते मागचे सेकंदही फाइलला चिकटतात. टेकच्या तोंडावर शेजारच्याला हळूच मारलेला शेरा तिथंच सापडतो.

हळू बोललं म्हणून सुटका नाही. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. तुमची कुजबुज त्याला समोरच्या माणसाच्या ओरडण्यापेक्षा जवळची. लांब गेलं तरी भरवसा नाही. मोकळ्यावर ५० ते १०० मीटरपर्यंत सहज आवाज येतो, भिंत आडवी आली की कमी. आणि हल्ली यूट्यूबवाल्या पोरांकडं जे छोटे २.४ गिगाहर्ट्झचे संच असतात, त्यांतल्या काहींच्या ट्रान्समीटरमध्येच मेमरी असते. रेंज तुटली तरी छातीवरच्या डबीत रेकॉर्डिंग चालूच.

सगळ्यात कमी लक्षात येणारी गोष्ट शेजारच्याची. लेपल बहुतेक सर्व दिशांनी ऐकतो. माइक तुम्हाला लावलाय, पण तुमच्याशी बोलायला आलेल्या स्पॉटदादाला ते माहीत नाही. तो मॅनेजरबद्दल मन मोकळं करतो आणि त्याचा शब्द न् शब्द आमच्याकडं येतो. त्याला कुणी विचारलेलंच नाही. तेव्हा कुणी तावातावानं काही सांगायला लागलं की हातानं छातीकडं खूण करा. सगळ्या सेटवर ती खूण कळते.

हवेतून जाणारं बोलणं ही आपली खासगी पाइपलाइन नव्हे, हे मला एका मंगल कार्यालयानं शिकवलं. शेजारच्या वाड्यात आमचा रडारडीचा सीन चालू होता. नायिकेनं डोळे पुसले आणि माझ्या हेडफोनात दणकून आवाज आला, "वरमाईंनी लगेच स्टेजवर यावं, वरमाईंनी!" त्यांचा कॉर्डलेस आणि आमचा एक पॅक एकाच फ्रिक्वेन्सीवर पडले होते. सगळे हसले. मला मात्र घाम फुटला, कारण त्यांचं आमच्याकडं येतंय म्हणजे आमचं त्यांच्या स्पीकरवर जाऊ शकतं. साधे अॅनालॉग संच असेच उघडे असतात, त्या फ्रिक्वेन्सीवर रिसीव्हर लावला की कुणीही ऐकावं. डिजिटलमधल्या चांगल्या संचांत कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड आवाज पाठवायची सोय असते. संच तसा असेल तर ती चालू करा, बऱ्याच जणांची बंदच असते. नसेल तर सकाळी पहिल्यांदा फ्रिक्वेन्सी स्कॅन करा, आणि आजूबाजूला लग्न, सभा, कीर्तन आहे का ते पानपट्टीवर विचारून घ्या. स्कॅनपेक्षा पानपट्टीवाला जास्त सांगतो.

लावताना

आमच्या खात्यात नव्यानं आलेल्यांनी हा भाग नीट वाचा. माइक लावणं म्हणजे अनोळखी माणसाच्या कपड्यांत हात घालणं. रोज वीसदा केल्यानं आपल्याला ते गुंडी लावण्याइतकं साधं वाटायला लागतं. समोरच्याला नाही वाटत.

आधी नाव सांगा. "नमस्कार, मी साउंडला आहे, माइक लावायचाय, आत्ता चालेल का?" एवढं म्हणायला चार सेकंद लागतात. मग माइक आणि पॅक हातात दाखवा, आणि कुठून कुठं जाणार ते स्वतःच्या शर्टावर दाखवा. वायर आतून घ्यायचं काम कलाकारालाच करू द्या. वरून माइक सोडायचा, खालून त्यांनी ओढून घ्यायचा. तुमचा हात लागेल तो शेवटच्या टेपपुरता. तोही लागायच्या आधी सांगून: "आता कॉलरखाली टेप लावतो." न बोलता पाठीमागून जाऊन कमरेला पॅक अडकवणारे महाभाग मी पाहिलेत. घाई होती म्हणतात. घाई कुठल्या सेटवर नसते?

बाईमाणसाला लावायचा असेल तर आपल्या टीममधल्या मुलीनं लावावा. ती नसेल तर ड्रेसच्या ताई किंवा हेअरदीदी यांच्या हातात माइक द्यायचा, आपण बाहेर उभं राहून सांगायचं. मेकअप रूममध्ये दार वाजवल्याशिवाय जायचं नाही, आणि दार लावून एकट्यानं लावायचा नाही. सेटच्या मध्यभागी पन्नास माणसांसमोरही नाही. लहान मूल असेल तर आई किंवा वडील शेजारी हवेतच, शक्यतो त्यांच्याच हातून लावून घ्यावा. वावगा स्पर्श हा "कामाचा भाग" नसतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे, आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रार घ्यायला अंतर्गत समिती असायलाच हवी. समितीत कोण आहे हे पहिल्याच दिवशी प्रॉडक्शनला विचारून ठेवा. विचारायला लाजू नका, ते त्यांनीच भिंतीवर लावायचं असतं.

आता आमच्या भागातल्या खास अडचणी. नऊवारीत कमरेला एकीकडं ओचा, मागं कासोटा, पॅक ठेवायला जागाच नाही. रुंद इलॅस्टिकचा पट्टा ब्लाउजच्या खालच्या काठाला पाठीवर बांधून त्यात पॅक बसवला तर निभावतं. रेशमी पदर माइकवर घासला की खसखस येते, म्हणून माइकच्या दोन्ही बाजूंना कापडी टेप. फेट्याचं बरं, कपाळाच्या वरच्या घडीत माइक छान लपतो आणि आवाजही खुला येतो. तालमीतला सीन असेल तर लंगोटावर कुठं लावणार? तिथं बूमच. लाल मातीत लोळणाऱ्या पैलवानाच्या अंगाला टेप चिकटवायचा प्रयत्न मी एकदा केला आहे, त्याबद्दल अधिक न बोललेलं बरं. आणि पायात करकरणाऱ्या चपला असतील तर चालण्याच्या सीनपुरत्या तळाला कापडी टेप लावून घ्या.

साजाची गोष्ट सांगतो. एका मालिकेत आजीचं काम करणाऱ्या बाईंच्या गळ्यात कोल्हापुरी साज होता. प्रत्येक वाक्याला पानं एकमेकांवर आपटून किणकिण. मी मागचापुढचा विचार न करता टेपचा तुकडा घेऊन साजाला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. रागानं नव्हे, पण घट्ट.

"बाळा, ह्यो प्रॉडक्शनचा न्हाई. माझ्या सासूचा हाय. विचारून हात लावतोस का मी काढून देतो?"

मी मागं सरलो. त्यांनी स्वतःच साज उतरवला, मांडीवर रुमाल पसरला, त्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता सांग, काय करायचं त्ये." पानांच्या मागच्या बाजूला दोरा ओवून दोन-दोन पानं एकत्र बांधली, टेप लागलाच नाही. तेव्हापासून दागिना, गंडा, ताईत, जानवं, हिजाब, कशालाही विचारल्याशिवाय हात लावत नाही. मंगळसूत्र काढा असं तर कधीच म्हणत नाही. माइक बाजूला सरकवता येतो की.

उन्हाळ्यात पन्हाळ्यावर फेटा-अंगरखा घालून धावायचं असेल तर पॅकमध्ये घाम जातो. तो वाचवायला साउंडवाले पॅकवर निरोध चढवतात, वंगण नसलेला. जगभर चालणारा उपाय आहे. पण नव्या असिस्टंटला चारचौघांत मेडिकलला पाठवून त्याची गंमत बघायची आणि मग कलाकारासमोर ते पाकीट फोडायचं, हे बंद करा. पॅक ट्रॉलीमागं तयार करून, कापडी पिशवीत घालूनच न्यायचा.

घालणाऱ्यांनो, तुम्हीही काही गोष्टी आपणहून सांगा. टेपची ॲलर्जी असेल, छातीवर नुकते टाके असतील, पेसमेकर असेल तर लावायच्या आधीच सांगा. पेसमेकर असला की पॅक छातीपासून लांब ठेवायला लागतो. आणि कुणी लावताना अवघड वाटलं तर "थांबा, मी लावतो", "थांबा, ताईंना बोलवा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दोन वाक्यांचा रोल असला तरी.

लागल्यावर

शौचाला जाताना पॅक साउंडवाल्याच्या हातात द्या. एवढी एकच सवय लागली तरी पुष्कळ. सेटवरचे निम्मे विनोद याच एका विषयावर असतात आणि ते ज्याच्यावर होतात त्याला हसू येत नाही.

फोन आला तर ट्रॉलीकडं बघून छातीवर दोन बोटं ठेवा आणि मान हलवा, आम्ही तुमचा ट्रॅक खाली घेतो. फोन घरचा असेल, दवाखान्याचा असेल, बँकेचा ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवायचा असेल तर खुणेवर विसंबू नका, पॅक बंद करूनच मागा. मानधनाचं बोलणंही त्यातच आलं. तुम्हाला दिवसाचे किती मिळतात हे सहकलाकाराला कळायचं असेल तर तुमच्या तोंडून कळू दे, निर्मात्याच्या हेडफोनातून नको.

म्यूटच्या बटणाबद्दल आमच्यात दोन तट आहेत. जुने लोक ते कुलूप करून ठेवतात: कलाकार बंद करतो, चालू करायला विसरतो आणि चांगला टेक वाया जातो. झालंय तसं माझ्यासोबतही, दोनदा. तरी मी प्रत्येकाला बटण दाखवतोच. ज्याच्या छातीवर माइक आहे त्याला तो बंद करता आला पाहिजे, टेक काय परत घेता येतो. टेकआधी सगळ्या पॅकांवर नजर टाकणं माझं काम. तुमचा साउंडवाला बटणाला हात लावू नका म्हणाला तर मात्र लावू नका, त्याच्याकडं जा आणि काढून मागा. वायर खेचून स्वतः काढायचं नाही, ती नाजूक असते आणि महाग.

हेडफोन ज्याच्या कानाला

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. टेक संपला होता, मी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली घ्यायला विसरलो. एक अभिनेत्री झाडाखाली जाऊन आईशी फोनवर बोलत होती, कसल्यातरी तपासणीच्या रिपोर्टबद्दल. मी हेडफोन काढायला हवा होता. काढला नाही. संध्याकाळी गाडीवर मागं बसलेल्या मित्राला सांगितलं, काळजीच्याच सुरात. तिसऱ्या दिवशी सकाळी मेकअप करणाऱ्या मुलीनं त्या ताईंना विचारलं, "आता बरं आहे ना?" ताईंनी फक्त ट्रॉलीकडं बघितलं. उरलेलं सगळं शेड्यूल त्या माझ्याकडून माइक लावून घेत होत्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यामुळं आता हात असा बसलाय: कट ऐकला की पहिल्यांदा डायरेक्टरच्या आणि पाहुण्यांच्या हेडफोनात जाणारा आवाज बंद, मग फेडर खाली, मग पाणी. ब्रेकमध्ये एखाद्याचा ट्रॅक सोलो करून, म्हणजे तेवढाच वेगळा काढून, ऐकायचा नाही. घासाघिशीचा आवाज शोधायचाच असेल तर आधी ओरडून सांगायचं, "सर, माइक चेक करतोय, काहीतरी बोला." चुकून कानावर आलंच तर जवळ जाऊन हळूच म्हणायचं, "ताई, माइक चालू आहे." काय ऐकलं ते सांगायचं नाही, हसायचं तर नाहीच. मोबाइल हेडफोनला लावून गमतीच्या क्लिपा बनवायच्या आणि ग्रुपवर टाकायच्या, असं करणारा असिस्टंट माझ्याकडं दुसऱ्या दिवशी नसतो.

अवघड प्रसंग एकच. कुणी कुणाला धमकावतंय, छळतंय असं कानावर आलं तर? ऐकलं नाही असं करून बसू नका. ज्याला त्रास होतोय त्या माणसाला एकट्यात गाठून विचारा, मदत हवी का. पुढं कुठं जायचं ते त्यानं ठरवू दे. रेकॉर्डिंग परस्पर कुणाला पाठवू नका. फाइल पुसूही नका.

फायली आणि बाहेरगावचं काम

रेकॉर्डरचं कार्ड दिवसाच्या शेवटी डेटावाल्याला जातं, ते सगळ्यांना माहीत असतं. ट्रान्समीटरच्या पोटातली मेमरी विसरली जाते. एका माहितीपटासाठी आम्ही गुऱ्हाळावर गेलो होतो. काहिलीशेजारी बसलेल्या आजोबांना छोटी डबी लावली, मस्त बोलले. मध्ये ते जेवायला घरी गेले, डबीसकट. रेंज तुटली म्हणून मी निर्धास्त. आठवड्यानं राजारामपुरीत एडिटला बसलो तर एडिटर म्हणाला, "हे ऐकलंस का?" जेवताना घरात जमिनीच्या वाटणीवरून झालेलं भांडण, तासभर, स्वच्छ आवाजात. आमच्या हार्ड डिस्कवर आणि तिच्या दोन प्रतींवर. तिन्हीकडून पुसलं, आणि गावात जाऊन आजोबांना सांगितलंही. ते म्हणाले, "व्हय? मग कोण बरोबर हाय त्ये तरी सांग." पण सगळेच असे नसतात.

तेव्हा डबीतली फाइल उतरवली की मुलाखतीचा भागच ठेवा, बाकीचं त्याच दिवशी काढा. प्रती झाल्याची खात्री झाली की डबी फॉरमॅट करा. ज्याला सेट माहीत नाही अशा माणसाला माइक लावायच्या आधी साध्या बोलीत सांगा: हा चालू आहे, तुम्ही लांब गेलात तरी ऐकतो, घरी जायचं असेल तर आधी काढून देतो. सही घेतली म्हणजे समजावलं असं होत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली स्पष्ट केलं, आणि डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ ला आला. गुऱ्हाळावर हे कलम वाचून दाखवायला कुणी जात नाही, पण आजोबांना न विचारता त्यांचं भांडण घेऊन फिरणं चूक आहे हे कळायला कलम लागतही नाही.

महाद्वार रोडवर गर्दीत शूट असेल तर माइक लावलेल्या नटाजवळून जाणाऱ्यांचं बोलणंही येतं. त्याला इलाज नाही, पण नुसती गर्दीची गजबज आणि कुणाचं नाव-गाव कळेल असं बोलणं यात फरक करा. दुसरं एडिटमध्ये उडवायला सांगा.

१९३२ साली मराठीतला पहिला बोलपट याच गावात तयार झाला. तेव्हाचा माइक लपवता येण्यासारखा नव्हता, सगळ्यांना दिसायचा. कधी कधी मला त्या लोकांचा हेवा वाटतो.

पॅकअप

पॅकअप म्हटल्यावर सगळे पळतात, तेव्हाच शांत राहा. टेप कलाकारालाच काढू द्या, छातीवर केस असतील तर आणखीच. माइक स्पिरिटनं पुसा, पट्टे धुवायला वेगळे काढा, बॅटऱ्या बाहेर. मग मोजा. सकाळी सहा पॅक दिले असतील तर सहा आले पाहिजेत. पाच आले तर यादी बघा, आणि जो एसटीत बसून गावाकडं निघालाय त्याला फोन लावा. त्यानं उचलला की पहिलं वाक्य हे: "दादा, आधी काही बोलू नका. तुमच्या कमरेला आमचा पॅक आहे."